जेआयटीचा कोड विंडोजवर चालतो, एआरएम बोर्डवर दोन-तीन दिवसांनी मरतो आणि मॅकवर सुरूच होत नाही

उद्यमनगर_लेथ यांचा प्रश्न

मंडळी नमस्कार. तीन आठवडे याच्यात अडकलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं शिवाजी उद्यमनगरात छोटं युनिट आहे. खाली वडिलांचं लेथ-मिलिंगचं जॉबवर्क चालतं आणि वर माळ्यावर माझं टेबल. सीएनसी मशीनच्या स्पिंडलवर व्हायब्रेशन सेन्सर बसवायचा, सेकंदाला दहा हजार रीडिंग घ्यायची आणि बेअरिंग जायच्या आधी मालकाला कळवायचं, हे आमचं प्रॉडक्ट. प्रत्येक मशीनचा फिल्टर वेगळा लागतो, म्हणून फिल्टर लिहायला एक छोटी भाषा केली आणि ती चालवायला सी प्लस प्लसमध्ये व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) लिहिलं. आधी नुसता इंटरप्रिटर होता, म्हणजे फिल्टरची एकेक सूचना वाचत चालवणारा. एका बोर्डवर चार सेन्सर लावले की तो मागं पडायचा. मग जेआयटी (चालू असतानाच फिल्टरचा मशीन कोड तयार करणारा कंपायलर) घातला आणि वेगाचा प्रश्न मिटला.

चालवायचं तीन ठिकाणी आहे. ऑफिसातला विंडोज पीसी, मशीनजवळचा लिनक्स बोर्ड (६४ बिट एआरएम, दोन मोठे कॉर्टेक्स ए७२ आणि चार लहान कॉर्टेक्स ए५३, बोर्डवाल्यानं दिलेला कर्नल ४.४) आणि माझा एम१ मॅकबुक. कोड ठेवायला एकच फंक्शन आहे: एममॅपनं मेमरी घेताना वाचणं, लिहिणं, चालवणं अशा तिन्ही परवानग्या एकदम मागतो, मेमकॉपीनं कोड तिथं उतरवतो आणि त्या पत्त्याचा पॉइंटर कॉल करतो. विंडोजवर व्हर्च्युअलअलॉकनं तेच.

विंडोजवर पाच महिने एकही तक्रार नाही. बोर्डवर दोन-तीन दिवसांतून एकदा इल्लीगल इन्स्ट्रक्शन येऊन प्रोसेस मरते. कोअर डंप (मरतानाच्या मेमरीची नक्कल) जीडीबी डीबगरमध्ये उघडला तर त्या पत्त्यावर बरोबर इन्स्ट्रक्शन आहे! मी कंपायलरनं काढलेल्या बाइटशी एकेक जुळवून बघितलं, सगळं तंतोतंत. मॅकवर तर एममॅपच नकार देतो. कुठंतरी वाचून मॅप जेआयटी हा फ्लॅग घातला, तेव्हा जागा मिळाली, पण मेमकॉपीलाच बस एरर.

आणि तिसरं. शिरोली एमआयडीसीतल्या एका ग्राहकाकडं दिवसाला चाळीस-पन्नास वेळा फिल्टर बदलून बघतात. दर वेळी नवा कोड तयार होतो. जुना सोडला तर कधी कधी क्रॅश, नाही सोडला तर मेमरी वाढतच जाते.

मोठ्या व्हीएममध्ये हे कसं सांभाळतात? कुणीतरी मुळापासून सांगा की.

कागलकर_०९ यांचं उत्तर

बोर्डवर कोड लिहिल्यावर बिल्टिन क्लिअर कॅश मारतोस का? एआरएमवर ते लागतंच. आणि तिन्ही परवानग्या एकदम नको घेऊस. लिहिताना एमप्रोटेक्टनं वाचणं-लिहिणं, झालं की वाचणं-चालवणं. आमच्याकडं तसंच आहे, चालतंय.

नववी_गल्ली यांचं उत्तर

अरे, "कोअर डंपमध्ये बाइट बरोबर आहेत" एवढं वाचलं आणि रोग सापडला असं वाटलं. मी राजारामपुरीतनं लिहिते. बारा वर्षं एका व्हीएमच्या कोड जनरेटरवर काम केलंय, त्यातली निम्मी याच भानगडी निस्तरण्यात गेली. कागलकर म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. सगळं सांगते.

डीबगर मेमरी वाचतो ती डेटाच्या वाटेनं, आणि प्रोसेसर इन्स्ट्रक्शन उचलतो तो इन्स्ट्रक्शन कॅशच्या वाटेनं (कॅश म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी). इंटेल-एएमडीवर या दोन वाटा हार्डवेअर स्वतःच जुळवून ठेवतं, म्हणून तुझी चूक पाच महिने विंडोजवर झाकून राहिली. एआरएमवर ते काम तुझं आहे. तू मेमकॉपी केलीस, बाइट त्या कोअरच्या डेटा कॅशमध्ये बसले, आणि इन्स्ट्रक्शन आणायला गेलेल्याला खालच्या थरात अजून जुनंच दिसलं. कोरं पेज असेल तर तिथं शून्यं असतात, आणि ६४ बिट एआरएमला बत्तीसच्या बत्तीस बिट शून्य ही अवैध इन्स्ट्रक्शनच आहे. तीच तुझ्या प्रोसेसचा जीव घेते. तू डंप उघडेपर्यंत डेटाची वाट बघून सगळं नीट दिसतं.

आता एक विचारते, नीट आठवून सांग. फिल्टर बदलल्यावर क्रॅश न होता जुन्याच फिल्टरचं उत्तर कधी आलंय का? पेज आधी वापरलेलं असेल तर शून्यांच्या जागी मागचा कोड असतो आणि तो मुकाट चालतो. मला क्रॅशपेक्षा याची भीती जास्त वाटते. खाली उभ्या माणसाला बेअरिंग ठीक आहे असं सांगितलं जातं आणि ते ठीक नसतं.

उपाय: कोड लिहून झाला की डेटा कॅशमधलं खाली ढकलायचं, थांबायचं, इन्स्ट्रक्शन कॅशमधलं जुनं पुसायचं, परत थांबायचं आणि पाइपलाइन, म्हणजे आधीच उचलून ठेवलेल्या इन्स्ट्रक्शनची रांग, रिकामी करायची. जीसीसी आणि क्लँगमध्ये बिल्टिन क्लिअर कॅश हे सगळं करतं, मॅकवर सिस आयकॅश इनव्हॅलिडेट, विंडोजवर फ्लश इन्स्ट्रक्शन कॅश. विंडोजवर आज गरज नाही म्हणून गाळू नकोस, उद्या कुणी एआरएमचा विंडोज लॅपटॉप घेऊन येईल. आणि असेंब्लीत हे स्वतः लिहायला जाऊ नकोस. २०१६ मध्ये मोनो या डॉटनेट व्हीएमच्या लोकांना सॅमसंगच्या एक्सिनॉस ८८९० चिपवर असाच अशक्य वाटणारा क्रॅश यायचा. मोठ्या कोअरची कॅश लाइन (कॅशचा एक तुकडा) १२८ बाइटची, लहान कोअरची ६४ ची. लाइनची लांबी एकदाच विचारून जपून ठेवलेली. मोठ्या कोअरवर विचारली गेली आणि थ्रेड लहान कोअरवर गेला की १२८ च्या उड्या मारत निम्म्या लाइनी न पुसताच राहायच्या. तुझ्या ए७२ आणि ए५३ दोघांची लाइन ६४ चीच आहे, तुला हा त्रास नाही. पण असा प्रकार असतो हे ठाऊक असू दे.

आता मॅक. २०२० च्या एम१ पासून ॲपलनं नियमच केलाय: एकच पेज एका थ्रेडला एकाच वेळी लिहिता आणि चालवता येणार नाही. मॅप जेआयटीनं घेतलेली जागा प्रत्येक थ्रेडला मुळात "चालव, लिहू नको" अशी मिळते. लिहायच्या आधी पीथ्रेड जेआयटी राइट प्रोटेक्ट एनपी हे फंक्शन शून्य देऊन बोलवायचं, लिहून झालं की एक देऊन. हे त्या त्या थ्रेडपुरतंच लागू असतं, त्यामुळं तू लिहीत असताना बाकीचे थ्रेड निवांत चालू राहतात. तुझी बस एरर तिथलीच. ॲप हार्डन्ड रनटाइमसह साइन करून वाटणार असशील तर साइन करतानाच जेआयटीची परवानगी घालावी लागते, नाहीतर तुझ्या टेबलावर चालेल आणि ग्राहकाकडं नाही.

इथं मी स्वतः कुठं तोंडावर पडले ते सांगते. जुलै २०२१, पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलेलं, गावाबाहेर पडायची वाट बंद, आणि मी घरात बसून आमचं व्हीएम मॅकवर आणत होते. "लिहायला उघड" आणि "बंद कर" यासाठी छोटा स्कोप गार्ड केला (फंक्शन संपलं की आपोआप बंद करणारा). दिवसभर चाललं. मग ठरावीक ठिकाणी बस एरर. झालं होतं असं: कंपाइल करणारं फंक्शन गार्ड उघडून लिहीत होतं, मध्येच ते जुन्या कॉलचा पत्ता बदलणाऱ्या फंक्शनला बोलवायचं, त्याचाही स्वतःचा गार्ड. आतला गार्ड संपला की त्यानं दार लावून टाकलं, आणि बाहेरचा परत येऊन बंद दारावर लिहायला लागला. दोन दिवस गेले. गार्डमध्ये थ्रेडपुरता मोजणारा आकडा ठेव: शून्यावरून एक झाला तरच उघडायचं, परत शून्य झाला तरच लावायचं. आणि दार उघडं असताना जेआयटीचा कोड त्याच थ्रेडवर कॉल होता कामा नये. मदतनीस फंक्शनमधून वळसा घालूनही नाही.

कागलकरांच्या एमप्रोटेक्टबद्दल. एका थ्रेडचं व्हीएम असेल तर ठीक. पण एमप्रोटेक्ट पेजची परवानगी सगळ्या थ्रेडसाठी बदलतं. तुझे फिल्टर तीन-चारशे बाइटचे असणार, म्हणजे ४ केबीच्या पेजवर दहा-बारा जण शेजारी शेजारी. एकाला दुरुस्त करायला पेज लिहिण्यासाठी उघडलंस की त्याच पेजवर चालू असलेला शेजारचा फिल्टर जागेवर पडतो. चार सेन्सर म्हणजे चार थ्रेड असतील तर हे होणारच. तुमच्या शेजारी ओतकाम चालत असेल तर बघ: मोल्ड ठासताना त्यात मेटल ओतत नाहीत, आणि ओतायला लागले की मोल्डला कुणी हात लावत नाही. इथं दोन्ही कामं एकाच वेळी करायची आहेत, म्हणून वाट वेगळी काढावी लागते.

ती वाट म्हणजे एकच जागा दोन पत्त्यांवर दिसू देणं. लिनक्सवर मेमएफडी क्रिएटनं मेमरीतली फाइल करायची आणि ती दोनदा एममॅप करायची, एकदा वाचणं-लिहिणं, एकदा वाचणं-चालवणं. कर्नल ३.१७ पासून आहे, तुझ्या ४.४ वर चालेल. विंडोजवर क्रिएट फाइल मॅपिंग आणि मॅप व्ह्यू ऑफ फाइल दोनदा. अर्लांगच्या जेआयटीत हीच पद्धत आहे, डॉटनेटमध्येही. डॉटनेट ७ मध्ये, म्हणजे नोव्हेंबर २०२२ पासून, ती मुळातच चालू असते.

माझं तुला कळकळीनं सांगणं एवढंच: कोड जनरेटरमध्ये "पत्ता" हा शब्दच ठेवू नकोस. "लिहायचा पत्ता" आणि "चालवायचा पत्ता" असे दोन वेगळे टाइप कर, एकाच्या जागी दुसरा दिला तर कंपायलरनं अडवलं पाहिजे. उडी किती लांब हे नेहमी चालवायच्या पत्त्यांवरून मोजायचं, बाइट मात्र लिहायच्या पत्त्यावर टाकायचे. कॅश पुसायची ती चालवायच्या पत्त्यावर. मॅकवर या दोन पत्त्यांत फरक शून्य असतो, त्यामुळं घोळ केलास तरी तिथं कळत नाही. तू मॅकवर लिहिणारा माणूस, तुला तर नक्कीच कळणार नाही. रोजची टेस्ट लिनक्सवर चालव.

जागा सुरुवातीलाच एकसंध राखून ठेव. तुला १६ एमबी उदंड झाले. ६४ बिट एआरएमवर साधी उडी दोन्ही बाजूंना १२८ एमबीच पोचते, एक्स८६ वर २ जीबी. तुकड्या तुकड्यानं एममॅप करत गेलास तर एक दिवस दोन तुकडे एकमेकांच्या हाताबाहेर जातील. सी प्लस प्लसमधली मदतनीस फंक्शनं तशीही लांबच असतात, त्यांचे पत्ते एका टेबलात ठेवून त्यातूनच कॉल कर. पेज किती केबीचं ते गृहीत धरू नकोस, एम१ वर १६ केबीचं आहे.

उरला तुझा तिसरा प्रश्न. तो सगळ्यात अवघड, म्हणून त्यावर उद्या सकाळी शांतपणे लिहिते. तोवर जुन्या फिल्टरचं आठवून सांग.

उद्यमनगर_लेथ

ताई, अंगावर काटा आला. आठवायची गरज नाही, वहीत लिहिलंय. मागच्या महिन्यात शिरोलीत एका व्हीएमसीवर (मिलिंग मशीनवर) मर्यादा कमी केली, तरी पहिली वीसेक सेकंद अलार्म जुन्या मर्यादेवरच वाजत होता. मी नेटवर्क उशिरा पोचलं असं समजून सोडून दिलं होतं.

कॅश पुसणं आणि मॅकचा गार्ड आजच घातला. मॅकवर पहिल्यांदा फिल्टर चालला. दोन पत्त्यांचं काम रविवारी बसून करतो.

इचलकरंजी_एक्सई

विंडोजचं एक राहिलं म्हणून मध्येच बोलतो. ६४ बिट विंडोजवर स्टॅक (कोण कुणाला बोलवून आलं याची साखळी) मागं उलगडताना प्रत्येक फंक्शनची नोंद लागते. जेआयटीच्या कोडची नोंद तू आरटीएल ॲड फंक्शन टेबलनं किंवा आरटीएल इन्स्टॉल फंक्शन टेबल कॉलबॅकनं दिली नाहीस, तर मदतनीस फंक्शनमधून फेकलेलं एक्सेप्शन जेआयटीच्या फ्रेमपाशी येऊन वाट चुकतं आणि प्रोसेस काही न बोलता बंद होते. लॉगमध्ये एक ओळ सापडत नाही. आमच्या यंत्रमागाच्या सॉफ्टवेअरमध्ये यानं पूर्ण पावसाळा खाल्ला.

नववी_गल्ली

इचलकरंजीकर अगदी खरं बोलले. लिनक्सवर रजिस्टर फ्रेम आहे, पण लिनक्सचं आणि मॅकचं त्याचं वागणं सारखं नाही. माझा सल्ला: इतक्या छोट्या भाषेत एक्सेप्शन जेआयटीच्या फ्रेममधून जाऊच देऊ नकोस. मदतनीस फंक्शननं एरर कोड परत द्यावा, जेआयटीच्या कोडनं तो तपासून बाहेर यावं. विंडोजची नोंद मात्र तरीही कर, नाहीतर क्रॅश डंपमध्ये स्टॅक अर्धाच दिसेल.

आता जुना कोड सोडणं.

साध्या मेमरीत "याच्याकडं बोट दाखवणारं कुणी आहे का" एवढंच बघायचं असतं. कोडमध्ये त्याशिवाय "याच्या आत आत्ता कुणी आहे का" हे बघावं लागतं. टेबलातून पॉइंटर काढलास, नवा घातलास, तरी एखादा थ्रेड जुन्या कोडच्या मधोमध असू शकतो. किंवा त्यानं मदतनीस फंक्शन बोलावलंय आणि परतीचा पत्ता स्टॅकवर पडून आहे. तू जागा सोडलीस, तिथं दुसरा फिल्टर आला, आणि हा गडी परत आला तो दुसऱ्याच फिल्टरच्या पोटात. तालमीत जोड लागलेली असताना कुणी हौद्यातली माती उकरायला घेत नाही, आधी दोघं बाहेर येतात.

मोठे लोक काय करतात बघ. क्यूईएमयू हा एम्युलेटर भाषांतराची जागा भरली की सगळ्यांना थांबवून सगळंच टाकून देतं आणि लागेल तसं परत भाषांतर करतं. लुआ भाषेचं लुआजिटही भरलं की सगळे ट्रेस, म्हणजे तयार केलेले कोडचे तुकडे, पुसतं. जावाचं हॉटस्पॉट कोडसाठी मुळात २४० एमबी राखतं. ते जुन्या कोडवर आधी "इथं आत यायचं नाही" असा शिक्का मारतं, आतले निघून गेल्याची खात्री झाल्यावरच जागा सोडतं. त्यासाठी फिरणारा वेगळा झाडूवाला होता, तो २०२३ च्या जेडीके २० मध्ये काढून ते काम गार्बेज कलेक्टरकडं दिलं. स्मॉलटॉक या भाषेचं कॉग हे व्हीएम तर कोड सरकवून जागा एकसंध करतं, म्हणजे सगळ्या उड्या आणि स्टॅकवरचे परतीचे पत्ते दुरुस्त करत बसायचं. तुला ते नको.

या सगळ्यांच्या मुळाशी एक जुना विचार आहे. १९८४ मध्ये डॉइच आणि शिफमन यांनी स्मॉलटॉक-८० साठी मशीन कोड चालताना तयार करायची पद्धत मांडली, तेव्हाच त्यांनी तयार कोडला साठवून ठेवायची वस्तू मानलं नाही. जागा लागली की टाकून द्यायचा, लागला की बाइटकोडवरून (व्हीएमच्या मधल्या भाषेतल्या सूचनांवरून) परत करायचा. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या व्हीएममध्ये कोड जपायचे इतके सोपस्कार होते, की वाचून थांबले आणि दुसऱ्या दिवशी त्यातले निम्मे काढले. तुझा मूळ फिल्टर बाइटकोडमध्ये सुरक्षित आहे. मशीन कोड ही त्याची कॅश आहे. म्हणून इंटरप्रिटर काढून टाकू नकोस. जागा भरली, परवानगी मिळाली नाही, एखाद्या लिनक्सवर एसई लिनक्सच्या सुरक्षा नियमांनी अडवलं, उद्या कुणी आयपॅडवर मागितलं जिथं साध्या ॲपला जेआयटी करूच देत नाहीत, अशा प्रत्येक वेळी काम हळू का होईना चालू राहिलं पाहिजे.

तुझ्याकडं एक फार सोयीची गोष्ट आहे, ती तुझ्या लक्षात आलेली नाही. तुझा फिल्टर प्रत्येक रीडिंगला बोलावला जातो आणि परत येतो. म्हणजे रीडिंगच्या लूपच्या डोक्यावर त्या थ्रेडच्या स्टॅकवर जेआयटीची एकही फ्रेम नसते. हाच तुझा सेफपॉइंट, म्हणजे जुना कोड निर्धास्त सोडायची जागा, सेकंदाला दहा हजार वेळा फुकट मिळतो. स्टॅक चाळायची गरजच नाही.

असं कर. एक सामाईक फेरी क्रमांक ठेव. प्रत्येक थ्रेडनं लूपच्या डोक्यावर तो वाचून आपल्या खान्यात लिहायचा, आणि त्यानंतरच फिल्टरचा पॉइंटर उचलायचा. सेन्सरची वाट बघत झोपायच्या आधी खान्यात शून्य लिहायचं, म्हणजे "मी बाहेर आहे". फिल्टर बदलणाऱ्यानं आधी पॉइंटर बदलायचा, मग फेरी क्रमांक एकनं वाढवायचा, आणि जुन्या कोडवर तो वाढलेला क्रमांक टाकून त्याला थांबलेल्यांच्या यादीत ठेवायचं. सगळ्या थ्रेडच्या खान्यात तेवढा किंवा जास्त क्रमांक दिसला, किंवा शून्य दिसलं, की जागा मोकळी. सगळे ॲटॉमिक सिक्वेन्शियली कन्सिस्टंट ठेव, म्हणजे वाचण्या-लिहिण्याचा क्रम मागंपुढं होणार नाही. दहा हजार वेळा त्याचा खर्च तुला मोजूनही सापडणार नाही, आणि खान्यात लिहिणं पॉइंटर उचलण्याच्या मागं सरकलं तर सगळं मुसळ केरात.

आणि मोकळ्या केलेल्या जागेत लगेच सापळा भर: एआरएमवर ब्रेक इन्स्ट्रक्शन, एक्स८६ वर इंट ३. कुणी चुकून आत आलाच तर पहिल्या पावलाला पकडला जाईल, तीन दिवसांनी नाही.

उद्यमनगर_लेथ

ताई, रविवार आणि सोमवारची रात्र बसून सगळं केलं. दोन टाइप केल्यावर कंपायलरनं सात ठिकाणी अडवलं. त्यातल्या दोन ठिकाणी मी खरोखरच उडी लिहायच्या पत्त्यावरून मोजत होतो.

पण बोर्डवर अजून एक आहे. क्रॅश नाही, तरी फिल्टर बदलल्यावर चारपैकी एक सेन्सर कधी कधी सापळ्यात सापडतो. ब्रेक लागतो, म्हणजे जुन्या पत्त्यावरच गेला. कॅश पुसणारं फंक्शन लिहिणाऱ्या कोअरवर चालतं, मग बाकीच्या कोअरचं काय? लिनक्समध्ये मेमबॅरिअर नावाचा सिस्टिम कॉल आहे असं वाचलं, तो लावला तर माझा कर्नल "असा काही पर्याय नाही" म्हणतो.

नववी_गल्ली

दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मेमबॅरिअरमधला सगळ्या कोअरची पाइपलाइन जुळवणारा प्रकार कर्नल ४.१६ मध्ये आला, तुझा ४.४ आहे. कर्नल बदलायला बोर्डवाल्याच्या मागं लागू नकोस. कॅशमधलं जुनं पुसलं जातं ते सगळ्या कोअरवर, पण आधीच पाइपलाइनमध्ये उचललेलं प्रत्येक कोअरनं स्वतःच टाकून द्यावं लागतं, आणि त्याला एक आयएसबी इन्स्ट्रक्शन पुरते. लूपच्या डोक्यावर फेरी क्रमांक लिहून झाल्यावर पॉइंटर उचल. मग कॉल करायच्या आधी दर वेळी आयएसबी मार. पॉइंटर उचलायच्या आधी मारून उपयोग नाही, कारण पॉइंटर मध्येच बदललेला असू शकतो.

पण तुझा सापळा त्यामुळं लागत नाहीये. आयएसबी नसती तर जुन्या बाइट चालल्या असत्या, पण जुन्या पत्त्यावर जायचं कारण नव्हतं. जुना पत्ता कुणीतरी हातात धरून ठेवलाय. त्या थ्रेडचा लूप इथं टाक.

उद्यमनगर_लेथ

टाकायची वेळच आली नाही. उघडून बघितलं तर तिसऱ्या सेन्सरच्या लूपमध्ये मीच सहा महिन्यांपूर्वी फिल्टरचा पॉइंटर लूपच्या बाहेर एका लोकल व्हेरिएबलमध्ये घेऊन ठेवलाय. वर कमेंट: "वेगासाठी". बाकी तिघांत नाही, कारण ते नंतर लिहिले. फेरी क्रमांक दर वेळी वाढतोय, खाना बरोबर भरतोय, आणि हा बहाद्दर जुनाच पत्ता कॉल करतोय. सापळा नसता तर हे मला कधीच सापडलं नसतं.

ती ओळ आत घेतली, आयएसबी घातली.

कागलकर_०९

ताई, आमच्याकडं फिल्टर एकच थ्रेड चालवतो म्हणून एमप्रोटेक्टनं निभावलं होतं. दुसरा थ्रेड पुढच्या महिन्यात येतोय. दोन पत्त्यांवर आत्ताच जातो.

एक विचारायचंय. टेस्ट कशी करायची? हे असलं टेबलावर कधी पडतच नाही.

नववी_गल्ली

मुद्दाम पाडायचं. टेस्ट बिल्डमध्ये एक स्विच ठेवा: प्रत्येक शंभराव्या रीडिंगला सगळा मशीन कोड टाकून द्यायचा आणि परत वेगळ्या पत्त्यावर तयार करायचा. राखलेली जागा १६ एमबीऐवजी ६४ केबी करा, म्हणजे ती सारखी भरेल आणि भरल्यावरची वाटही चालेल. निकाल इंटरप्रिटरच्या निकालाशी प्रत्येक रीडिंगला ताडून बघा. आणि एआरएमवर चालवा, मोठ्या आणि लहान दोन्ही कोअरवर थ्रेड बांधून. नुसत्या एक्स८६ वर पास झालं याला अर्थ नाही.

जोडीला लिनक्सवर टीएमपी फोल्डरमध्ये पर्फ या वेळ मोजणाऱ्या साधनासाठी मॅप फाइल लिहीत चला. दर ओळीला सुरुवातीचा पत्ता, लांबी आणि फिल्टरचं नाव, बस. मग पर्फमध्ये नुसत्या पत्त्यांऐवजी "व्हीएमसी_३_उच्च" असं नाव दिसतं. कुठला फिल्टर वेळ खातोय ते ग्राहकासमोर दाखवता येतं.

उद्यमनगर_लेथ

तीन आठवड्यांनी लिहितोय. ताईंनी सांगितलेली ताणाची टेस्ट बोर्डवर रात्रभर लावली. पहिल्या रात्री दोन चुका निघाल्या, दोन्ही जागा भरल्यावरच्या वाटेवर. त्यानंतर अकरा रात्री एकही नाही. शिरोलीचा बोर्ड एकोणीस दिवस चालू आहे, मेमरी पहिल्या दिवशी होती तेवढीच. मी जाऊन उभा राहिलो आणि मर्यादा बदलली, अलार्म त्याच क्षणी बदलला. मालकांना काय झालं होतं ते सगळं खरं सांगितलं, आणि त्या वीस सेकंदांच्या काळातली सगळी रीडिंग परत तपासून दिली.

एकच शेवटचं विचारतो. ग्राहकाकडच्या रिलीज बिल्डमध्ये मोकळ्या जागेतला सापळा काढू का? भरायला थोडा वेळ जातो.

नववी_गल्ली

किती वेळ जातो ते मोज. दिवसाला पन्नास फिल्टर, प्रत्येकी चारशे बाइट. ठेव तसाच.